मावशीचं परसदार आणि आमचे अकरा शनिवार

शनिवारी सकाळी सात वाजता तुम्ही कुठे असता? खरं खरं सांगा. पांघरुणात! आठवडाभर लॅपटॉपपुढे बसून मानेचं पार वाटोळं झालेलं असतं, शुक्रवारची रात्र जरा लांबलेली असते आणि दुपारी बारापर्यंत मोबाईल सायलेंटवर असतो. अगदीच उत्साही मंडळी जिमला जातात, नाहीतर सिंहगडावर जाऊन पिठलं-भाकरी हाणतात. यात वाईट काहीच नाही. पण या वर्षी जानेवारी ते मे या काळातले अकरा शनिवार आम्ही तिघांनी कोयता, पहार आणि घमेलं यांच्या संगतीत काढले. आणि गंमत म्हणजे, आमच्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती!

त्याचं असं झालं... माझी मावशी कोथरूडला राहते. पुण्यात एके काळी सहकारी सोसायट्या काढून लोकांनी बैठे बंगले बांधले, त्यातलाच एक. पुढे पोर्च आणि मागे साधारण ९०० चौरस फुटांचं परसदार. ही बाग म्हणजे काकांचं साम्राज्य. काका आठ वर्षांपूर्वी गेले. पहिलं वर्ष माळी यायचा, मग तो गावी गेला. त्यानंतर बागेनं स्वतःचं स्वतः बघायचं ठरवलं, आणि बघता बघता तिथे जंगल झालं. पुरुषभर उंचीचं गवत, कंपाउंडवर चढलेले वेल, कोपऱ्यात फुटकी कुंडी, तिच्यात पाणी आणि पाण्यात डासांच्या अळ्या. दर पावसाळ्यात डेंग्यूची तपासणी करायला माणसं यायची आणि मावशीला चार शब्द सुनावून जायची.

मावसभाऊ अमेरिकेत. त्यानं तिथूनच प्रश्न सोडवला. कॉन्ट्रॅक्टर गाठला. एक दिवस जेसीबी, दुसऱ्या दिवशी मुरूम आणि त्यावर पेव्हर ब्लॉक. खर्च ७० हजारांच्या घरात. विषय संपला! मावशीही हो म्हणाली. मी विचारलं, ''तुला चालेल का?'' तर म्हणाली, ''अगं, मागचं दार मी उघडतेच कुठे आता? काय फरक पडतो?''

ते दार खरंच उघडत नव्हतं. लाकूड फुगून चौकटीत बसलं होतं. घरातली एक अख्खी बाजू तिनं बंद करून टाकली होती. मला ते पटेना. मी म्हटलं, ''पावसाळ्यापर्यंत थांब. तोवर काही जमलं नाही तर आण तुझा जेसीबी.''

आमची टीम

टीम म्हणजे मी, माझा एक आयटीवाला मित्र (सॉफ्टवेअर टेस्टर, त्यामुळे प्रत्येक गोष्टीत खोट काढणं हा त्याचा व्यवसायच) आणि त्याचा रूममेट. हा रूममेट बँकेत नोकरी करतो, पण मूळचा कराडकडचा, घरी शेती. आम्ही त्याला 'कराडकर'च म्हणतो. आम्हा दोघांना कोयता कुठल्या बाजूनं धरायचा हेही माहीत नव्हतं, त्यामुळे तो आपोआप कॅप्टन झाला.

कॅप्टननं पहिल्याच शनिवारी फतवा काढला : आज काहीही तोडायचं नाही! आज फक्त बघायचं. टेस्टर वैतागला. पण यातच सगळी ग्यानबाची मेख आहे, हे आता कळतं. माजलेल्या बागेत शिरलं की पहिली इच्छा होते ती सगळं साफ करून टाकायची. चार तास दणादण कोयता चालवला की मोकळी जमीन दिसते आणि फार भारी वाटतं. पण त्या चार तासांत काय काय गेलं, याचा पत्ताच लागत नाही. जेसीबी आणि घाईत चालवलेला कोयता, दोघंही सारखेच आंधळे.

मग काय, दार खांद्यानं ढकलून उघडलं, मावशीला उंबऱ्याशी खुर्ची दिली, हातात चहा दिला आणि आम्ही एकेक फांदी उचलून तिला दाखवायला लागलो. मोबाईलवर फोटो काढून झाड ओळखणारी ॲप्स आहेतच, पण खरं सांगू, मावशीपुढे ती फिकी पडली. मधुमालतीनं जो ढीग झाकून टाकला होता, त्याच्या खाली पारिजातक निघाला. जिवंत! गवताचा एक मोठा झुबका आपण गवतच समजलो असतो, त्याचं पान चुरगाळून मावशीनं नाकाशी धरलं. गवती चहा. कढीपत्त्यानं मुळांपासून फुटवे फोडून चांगलं डझनभर पिल्लांचं कुटुंब केलं होतं. आणि मोरीचं पाणी जिथे जातं, तिथे मातीत आल्यासारखे गड्डे होते. टेस्टर ते घमेल्यात भरायला लागला, तेवढ्यात मावशी खुर्चीतून ओरडली, ''अरे अरे! ते आलं नाही, सोनटक्का आहे तो!''

एवढ्या जोरात मावशी ओरडलेली मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती.

जी जी झाडं ठेवायची, त्यांना आम्ही जुन्या लाल ओढणीच्या चिंध्या बांधल्या. दिवसाअखेर एकवीस चिंध्या लागल्या. ज्या जागेला सगळेजण 'नुसतं रान' म्हणत होते, त्यात एकवीस झाडं कुणाची तरी होती!

पुण्याचा जुना पाहुणा

बाकी राज्य कुणाचं? अर्थातच गाजरगवताचं! पांढऱ्या चांदणीसारखी बारीक फुलं, गाजरासारखी पानं. काँग्रेस गवत म्हणतात ते हेच. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते भारतात पसरलं असं सांगितलं जातं, आणि १९५५ च्या सुमारास त्याची ठळक नोंद झाली ती चक्क आपल्या पुण्यात. म्हणजे हे गवत आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा जुनं पुणेकर आहे! एकेका झाडाला हजारो बिया येतात आणि त्या मातीत वर्षानुवर्षं दबा धरून बसतात. शिवाय काही लोकांना त्याची भयंकर ॲलर्जी येते. अंगावर पुरळ, शिंका, दमा. टेस्टर पहिल्या दिवशी 'मला काही होत नाही' म्हणत उघड्या हातांनी भिडला आणि सोमवारी ऑफिसात फुल शर्ट घालून बसला. तेव्हापासून हातमोजे, पूर्ण बाह्या आणि नाकाला मास्क. नो चर्चा.

त्याचा नियम साधा आहे. फुलं यायच्या आत, मुळासकट उपटायचं. फुलं आलेली झाडं खताच्या ढिगात टाकायची नाहीत, नाहीतर खताबरोबर बियाही बागभर पेरल्या जातात. या गवताचा एक शत्रूही आहे, मेक्सिकन भुंगा. गाजरगवत खाण्यासाठी म्हणून तो परदेशातून आणला आणि १९८४ मध्ये बेंगळुरूला सोडला. पावसाळ्यात गाजरगवताच्या पानांवर पांढुरक्या अंगाचे, काळपट नागमोडी रेघांचे भुंगे दिसले, तर कृपा करून त्यांच्यावर औषध मारू नका. ते फुकटात तुमचंच काम करत असतात.

दुसरी दादागिरी घाणेरीची. हिची फुलं इतकी गोड दिसतात की तोडावीशी वाटत नाही. तीही परदेशी पाहुणीच, शोभेसाठी म्हणून भारतात आली आणि डोंगरच्या डोंगर व्यापून बसली. घाणेरी वरून छाटली की दुप्पट जोमानं फुटते. कराडकर म्हणाला, ''हिला केस कापून काही होत नाही, मान धरायला लागते.'' म्हणजे काय, तर खोड आणि मूळ जिथे जुळतात, त्याच्या खाली तीन-चार बोटं माती उकरून मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून, मुळं आभाळाकडे करून वाळत ठेवायचं. एकेका झुडपाला अर्धा तास लागला. सहा झुडपांना एक अख्खा शनिवार. पण त्यातलं एकही परत फुटलं नाही.

तिसरा, लव्हाळा. हा दिसतो साधा, पण मातीखाली त्याच्या गाठींची साखळी असते. वरचं पातं उपटलं की साखळी तुटते आणि प्रत्येक गाठ स्वतंत्र संसार थाटते. त्याला सावली मात्र सोसत नाही. म्हणून तिथे जुनी खोकी उलगडून पुठ्ठे अंथरले, ओले केले आणि वर वीतभर वाळका पाला टाकला. ऑनलाइन शॉपिंगचा असा उपयोग होईल असं कुणाला वाटलं होतं?

साप... आहे की नाही?

हा प्रश्न प्रत्येकानं विचारला. तिसऱ्या शनिवारी विटांच्या ढिगाजवळ कात सापडली आणि टेस्टरनं थेट घर गाठलं! आम्ही काम थांबवून सर्पमित्राला बोलावलं. त्यानं कात बघितली, ढीग काठीनं तपासला. धामणीची कात होती. धामण बिनविषारी, उंदरांवर जगणारी. ती केव्हाच निघून गेली होती. पण त्यानं दोन गोष्टी सांगितल्या त्या फार कामाच्या निघाल्या. एक, सफाई नेहमी घराच्या बाजूनं सुरू करून कंपाउंडच्या दिशेनं करत जायची, म्हणजे आत जे कुणी असेल त्याला बाहेर जायला वाट राहते. उलटं केलं तर ते घराकडे येणार! दोन, घोणस वाळक्या पाल्यात असली तर दिसतसुद्धा नाही. त्यामुळे ढिगात कधीही हात घालायचा नाही. आधी काठी, मग फावडं, पायात बूट.

त्या विटांखाली आणखी एक खजिना निघाला. क्रिकेटचे सतरा बॉल! 'मागे बॉल गेला की विसरा' हा सोसायटीतला जुना नियम होता म्हणे. ते बॉल ज्या पोरांचे, ती आता इंजिनिअरिंगला आहेत. त्यातली दोघं बॉल न्यायला आली आणि मावशीनं त्यांच्याकडून चार घमेली राडारोडा उचलून घेतला. व्याज!

पाल्याचं सोनं

एवढा काडीकचरा निघाला की कुणीही म्हणेल, लावा काडी. अजिबात नाही! उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, आणि ती नसती तरी तो धूर शेजारच्या आजोबांच्या छातीत जाणार. शिवाय जाळायचं काय, तर सगळ्यात चांगलं खत. पुण्यात अदिती देवधर यांनी २०१६ मध्ये 'ब्राऊन लीफ' हा उपक्रम सुरू केला तो याच कारणासाठी. ज्यांच्याकडे वाळका पाला जास्त आहे आणि ज्यांना तो बागेसाठी हवा आहे, त्यांची गाठ घालून द्यायची. एकाचा कचरा, दुसऱ्याचं खत.

आम्ही कंपाउंडच्या कोपऱ्यात, घरापासून लांब, चार विटांचे थर रचून हौद केला. वाळका पाला जास्त, हिरवा कमी, मधून मधून जुनी माती आणि शेणाचं पाणी. ओल किती? मूठभर घेऊन पिळलं तर ओलसर लागलं पाहिजे, पाणी गळता कामा नये. आठवड्यानं हात वर धरला तर ढिगातून वाफ! मावशीनं भाजीची सालंही त्यात टाकायला सुरुवात केली. त्यासाठी तिला रोज मागचं दार उघडावं लागायला लागलं. हे काही आम्ही ठरवून केलं नव्हतं, पण झालं.

मग गुलाबांचं काय?

खरी गोष्ट इथे आहे. काकांचे चौदा गुलाब होते. बायकोपेक्षा जास्त वेळ गुलाबांना देणारा माणूस! जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचं प्रदर्शन भरतं, तिथे ते फुलं घेऊन जायचे. सातव्या शनिवारी काटेरी जाळी कापता कापता मातीत पत्र्याचे बिल्ले सापडायला लागले. त्यावर काकांच्या अक्षरात नावं : पीस, ग्लॅडिएटर, पापा मेलाँ. सगळे एकदम गप्प झाले.

गुलाबाची गंमत अशी की, कलमी गुलाब म्हणजे एकात दोन झाडं असतात. खाली रानगुलाबाचा खुंट, आणि त्यावर डोळा भरून चढवलेला नामी गुलाब. खुंटाला फुटणारे फुटवे सतत काढत राहावे लागतात. दोन-चार वर्षं दुर्लक्ष झालं की खुंट जोर धरतो आणि वरचं कलम उपाशी मरतं. तेच झालं होतं. जाळी भरगच्च, पण ती रानगुलाबाची. चौदापैकी दोनच झाडांवर मूळचं कलम जिवंत होतं.

मी बिल्ल्यांचे फोटो मावसभावाला पाठवले. पेव्हर ब्लॉकवाला हाच तो! रात्री त्याचा व्हिडिओ कॉल आला. डोळे लाल. म्हणाला, ''आई, चौदाच्या चौदा गुलाब परत लावू. मी नर्सरीतून मागवतो. बाबांची बाग होती तशी करू.''

इंग्लंडमध्ये असं खरोखर केलेलं एक उदाहरण आहे. कॉर्नवॉलमध्ये हेलिगन नावाची एका जमीनदार घराण्याची बाग होती. पहिल्या महायुद्धात तिथले माळी लढाईवर गेले, त्यातले बरेच परत आलेच नाहीत, आणि बाग झाडोऱ्याखाली गडप झाली. १९९० मध्ये टिम स्मिट आणि जॉन विलिस यांनी ती शोधून काढली. तिथे माळ्यांच्या संडासाच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेली माळ्यांची नावं आणि ऑगस्ट १९१४ ही तारीख सापडली. त्या माणसांची आठवण म्हणून ती बाग पुन्हा उभी केली गेली. १९९२ पासून ती लोकांना बघायला खुली आहे. ऐकूनच अंगावर काटा येतो. मावसभावाच्या डोक्यात साधारण असंच काहीतरी होतं.

मावशीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, ''हे बघ, गुलाब त्यांचे होते. पहाटे उठून ते करायचे. मला आता काट्यांत हात घालायला जमणार नाही, गुडघे मोडून बसता येत नाही. आणि खरं सांगू का? मला तिथे जुई हवी होती. १९८१ सालापासून!''

पलीकडे अमेरिका गप्प.

हेलिगनमध्ये रोज राबायला माळी आहेत, बघायला तिकीट काढून माणसं येतात. मावशीच्या परसात राबणार मावशीच. मग बाग कुणासारखी व्हायला हवी? आपण 'पूर्वीसारखं करू' असं पटकन म्हणून जातो, त्यात प्रेम असतं, पण ते 'पूर्वीसारखं' रोज सांभाळणार कोण, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. मावशीनं बारा खुंट काढायला लावले. दोन जिवंत गुलाबांपैकी एक शेजारच्यांना दिला, एक ठेवला. बिल्ले धुऊन पुसून एका डब्यात गेले. त्या वाफ्यात आता जुई आहे.

पेव्हर ब्लॉकही पूर्ण बाद झाले नाहीत बरं का! मावशीला सपाट वाट हवीच होती. पण गवताखाली काकांनीच कधीकाळी घातलेल्या शहाबादी फरश्या निघाल्या. त्याच उचलून, खाली वाळू घालून, मागच्या दारापासून कपड्यांच्या दोरीपर्यंत अडीच फुटांची वाट केली. हत्यारं, दोन दिवसांची मजुरी, राडारोड्याचा टेम्पो, रोपं असा सगळा खर्च १४ हजारांच्या आत बसला.

आणि आता?

पहिला पाऊस पडला आणि पंधरा दिवसांत मोकळ्या मातीत गाजरगवताची हजारो पिल्लं उगवली. कराडकर म्हणाला, ''येणारच की! अजून चार-पाच वर्षं येणार.'' पण पावसानं माती लोण्यासारखी मऊ झालेली असते, एका दुपारी सगळी उपटून झाली. त्यातच आघाडा आणि दूर्वाही उगवल्या होत्या. त्या मावशीनं उपटू दिल्या नाहीत, श्रावणात जिवतीच्या पूजेला लागतात. केनाही ठेवला, त्याची भजी होतात. एकाचं तण ते दुसऱ्याचं नैवेद्याचं पान!

मावशी रोज सकाळी अर्धा तास मागे असते. आम्ही महिन्यातून एक शनिवार जातो. कामाला कमी, भज्यांना जास्त. मावसभाऊ दिवाळीत येणार आहे. त्याच्यासाठी एक खुरपं बाजूला काढून ठेवलंय!

कोयता हातात घेण्याआधी...

• पहिला दिवस फक्त बघण्याचा. ठेवायच्या झाडांना रंगीत चिंधी बांधा. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला सोबत घ्या, ॲप नंतर.

• साचलेलं पाणी मात्र त्याच दिवशी ओता. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

• हातमोजे, पूर्ण बाह्या, मास्क, बूट. साप दिसला तर मारू नका, लांब उभे राहा आणि सर्पमित्र किंवा वनविभागाला कळवा.

• घराकडून कंपाउंडकडे साफ करत जा. एका वेळी एकच तुकडा. जेवढा साफ झाला तेवढा लगेच पाल्यानं झाका, उघडी माती म्हणजे तणाला आमंत्रण.

• मोठं झाड आपल्याच आवारात असलं तरी ते तोडायला किंवा छाटायला परवानगी लागते. १९७५ सालापासून राज्यात शहरी भागातल्या झाडांसाठी कायदा आहे. आधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा.

• भिंतीत उगवलेला वड-पिंपळ लहान असतानाच काढून कुंडीत लावा. मुळं आत गेली की भिंत त्याची.

• नवीन रोपं आणण्याआधी एकच प्रश्न विचारा : याला रोज पाणी कोण घालणार? त्या माणसाला जे आवडतं, तेच आणा.